लिनक्स डेटा सर्व्हरशी जोडणी अडते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर शहरातील, तसेच हिंगणा, बुटीबोरी आणि काटोल येथील ज्या कार्यालयांचा हिशेब, मालसाठा आणि ग्राहकांच्या नोंदी एका सामायिक लिनक्स डेटा सर्व्हरवर आहेत, त्या कार्यालयांत संगणक सांभाळणाऱ्या सहकाऱ्यांसाठी हे पान लिहिले आहे. ‘सर, सर्व्हर लागूनच नाही राहिला,’ एवढेच सांगणारा फोन आला की सर्वप्रथम फायरवॉलवर, म्हणजे येणारी-जाणारी जोडणी नियमांनुसार अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर, संशय घेतला जातो आणि पुष्कळदा तो बंदही केला जातो. जोडणी अडण्याची ठिकाणे अनेक असतात आणि प्रत्येक ठिकाण आपापल्या पद्धतीने नकार देते. तो नकार नीट वाचला तर बहुतेक वेळा काहीही न उघडता आणि काहीही बंद न करता दोष सापडतो, असा आमचा अनुभव आहे.

तक्रार कळवताना नेमके काय सांगावे?

पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा सांगावा, त्याचे भाषांतर किंवा सारांश करू नये. तो संदेश ताबडतोब आला की मिनिट-दोन मिनिटांनी आला, हेही सांगावे, कारण निदानासाठी ही वेळ संदेशाइतकीच महत्त्वाची असते. त्याशिवाय कोणत्या संगणकावरून, कोणत्या नेटवर्कवरून आणि कोणत्या पोर्टवर (सर्व्हरवरील सेवेच्या क्रमांकित दारावर) जोडणीचा प्रयत्न केला, तीच जोडणी यापूर्वी कधी चालली होती का, आणि शेजारच्या संगणकावरून ती आता चालते का, एवढी माहिती मिळाली तर अर्धे काम फोनवरच होते.

‘जोडणी नाकारली’, ‘वेळ संपली’ आणि ‘मार्ग नाही’ या तीन संदेशांत फरक काय?

टीसीपी, म्हणजे संगणकांमध्ये डेटा खात्रीने पोहोचवण्याची पद्धत; तिची जोडणी तीन टप्प्यांत बांधली जाते. आपला संगणक सिन नावाचे पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पाठवतो, सर्व्हर सिन-अ‍ॅक पाठवून होकार देतो आणि आपला संगणक अ‍ॅक पाठवून जोडणी पक्की करतो. अडथळा आला तर तो पहिल्या सिनला काय उत्तर मिळाले, किंवा मिळालेच नाही, यावरून ओळखता येतो.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ हा लिनक्समधील १११ क्रमांकाचा दोष होय. हा संदेश क्षणात येतो आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की आपले पॅकेट सर्व्हरपर्यंत पोहोचले, परंतु त्या पोर्टवर ऐकणारा कोणताही प्रोग्राम नव्हता, म्हणून लिनक्सच्या कर्नलने (त्याच्या गाभ्याने) जोडणी नाकारणारे रीसेट पाठवून दिले. अशा वेळी नेटवर्कची केबल, राउटर आणि इंटरनेट यांच्यामागे लागणे व्यर्थ असते. मात्र येथे एक अपवाद ध्यानात ठेवावा. काही फायरवॉल नियम मुद्दाम ‘पोर्ट उपलब्ध नाही’ असे उत्तर देतात आणि वापरणाऱ्याला तेही नकारासारखेच दिसते. चुकीचे पासवर्ड देणारे पत्ते अडवणाऱ्या फेल-टू-बॅन या प्रोग्रामची मूळ मांडणी आयपीटेबल्स या फायरवॉल साधनाबरोबर नेमकी अशीच वागते.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’ हा ११० क्रमांकाचा दोष म्हणजे शांतता. सिन पाठवले गेले, पण होकार आला नाही आणि नकारही आला नाही. कर्नल ६.५ पूर्वीचे लिनक्स मूळ मांडणीप्रमाणे आणखी ६ वेळा सिन पाठवून पाहते आणि प्रत्येक वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करते. १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ सेकंद यांची बेरीज १२७ होते, म्हणून दोन मिनिटे उलटल्यावर आलेला संदेश पाहिला की पॅकेट वाटेत कोणीतरी गुपचूप टाकून देत आहे, असे समजावे. उबुंटूवरील यूएफडब्ल्यू हा फायरवॉल मूळ मांडणीत असेच वागतो, आणि क्लाउडमधील सिक्युरिटी ग्रुप हा फायरवॉलही. पत्ता चुकला असेल किंवा दूरचा सर्व्हर बंद असेल, तरीही हीच शांतता अनुभवास येते.

सर्वाधिक दिशाभूल करतो तो ११३ क्रमांकाचा ‘नो रूट टू होस्ट’ हा संदेश. शब्द वाचून माणूस राउटिंग तपासू लागतो. परंतु रेड हॅट, रॉकी किंवा अल्मा लिनक्सवरील फायरवॉलडी हा फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकत नाही. तो ‘प्रशासनाने मनाई केली आहे’ अशा अर्थाचे आयसीएमपी (नेटवर्कमधील अडचणी कळवण्याची पद्धत) उत्तर पाठवतो, आणि वापरणाऱ्याचे लिनक्स त्या उत्तराचे रूपांतर याच संदेशात करते. म्हणून पिंग (सर्व्हर उत्तर देतो का हे पाहणारी आज्ञा) लागत असताना पोर्टवर हा संदेश येत असेल, तर मार्ग व्यवस्थित असून फायरवॉलडीमध्ये ते पोर्ट उघडलेले नाही, असे मानून तपासणीला लागावे. पिंगही लागत नसेल आणि दोन्ही संगणक एकाच नेटवर्कवर असतील, तर मात्र तो सर्व्हर खरोखरच बंद असण्याची किंवा त्याची केबल निघालेली असण्याची शक्यता अधिक.

तपासणी कोणत्या क्रमाने करावी?

आतून बाहेर यावे. प्रथम सर्व्हरवर जाऊन सिस्टिमसीटीएल या आज्ञेने सेवा चालू आहे का ते पाहावे. त्यानंतर एसएस ही आज्ञा टी, एल, एन आणि पी ही चार अक्षरे जोडून चालवावी. कोणता प्रोग्राम कोणत्या पत्त्यावर आणि कोणत्या पोर्टवर ऐकत आहे, हे ती दाखवते. जुन्या सवयीने नेटस्टॅट वापरणाऱ्यांना अनेक नव्या वितरणांत तो प्रोग्राम सापडणार नाही, कारण त्याची जागा एसएसने घेतली आहे. मग सर्व्हरवरूनच जोडणी करून पाहावी, त्यानंतर त्याच खोलीतील दुसऱ्या संगणकावरून, आणि शेवटी दूरच्या कार्यालयातून. ज्या पायरीवर पहिल्यांदा अडेल, दोष तिच्यात आणि तिच्या आधीच्या पायरीच्या मध्ये असतो. बाहेरून आत येणारा माणूस राउटरपाशीच तासभर अडकतो.

सर्व्हरवरूनच जोडणी होते, पण दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून होत नाही. असे का?

प्रोग्राम फक्त १२७.०.०.१ या पत्त्यावर ऐकत असेल तर असेच होते. हा पत्ता म्हणजे त्या यंत्राचा स्वतःशी बोलण्याचा पत्ता, आणि बाहेरून आलेले पॅकेट तेथे कधीच पोहोचत नाही. हा बिघाड म्हणता येत नाही, कारण सुरक्षिततेसाठी मूळ मांडणीच तशी ठेवलेली असते. पोस्टग्रेस हा डेटाबेस ५४३२ या पोर्टवर ऐकतो आणि त्याच्या मांडणीतील ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ या ओळीत मुळात फक्त लोकलहोस्ट असते. उबुंटू आणि डेबियनवरील मायएसक्यूएल व मारियाडीबी या डेटाबेसांचे ३३०६ हे पोर्टही ‘बाइंड अ‍ॅड्रेस’मुळे १२७.०.०.१ शीच बांधलेले असते.

येथे ०.०.०.० (म्हणजे सर्व पत्ते) लिहून मोकळे होण्यापेक्षा सर्व्हरचा कार्यालयीन नेटवर्कवरील नेमका पत्ता लिहावा, असे आम्ही सुचवतो. बदल केल्यावर सेवा पुन्हा सुरू करावी लागते. पोस्टग्रेसची ही विशिष्ट ओळ नुसत्या रीलोडने, म्हणजे सेवा न थांबवता मांडणी पुन्हा वाचायला लावून, लागू होत नाही, आणि हे माहीत नसल्यामुळे बरोबर केलेला बदलही चुकीचा वाटून पुसला गेल्याचे आम्ही पाहिले आहे.

पत्ता बरोबर झाल्यावर पोस्टग्रेस बहुधा पुढचा संदेश देतो की या होस्टसाठी (संगणकासाठी) पीजी-एचबीए या परवानग्यांच्या फाइलमध्ये नोंद नाही. हा संदेश दिसला तर समाधान मानावे, कारण नेटवर्क पूर्ण मोकळे असल्याचा तो पुरावा आहे. त्या फाइलमध्ये वरून खाली वाचत जाताना जी ओळ प्रथम जुळते तीच लागू होते आणि पुढच्या ओळी वाचल्याच जात नाहीत. त्यामुळे नवी परवानगी तळाशी लिहिली आणि वर व्यापक मनाई असेल, तर ती परवानगी निरुपयोगी ठरते. या फाइलसाठी मात्र रीलोड पुरेसा असतो.

पिंग लागते, तरी डेटाबेस का लागत नाही?

पिंग आयसीएमपी वापरते आणि डेटाबेस टीसीपी वापरतो. एकाला परवानगी आणि दुसऱ्याला मनाई असणे अगदी स्वाभाविक आहे. याच्या उलटही घडते, म्हणजे पिंग बंद असते आणि डेटाबेस सुरळीत चालतो. पोर्ट तपासण्यासाठी नेटकॅट ही आज्ञा वापरावी. केवळ पिंगच्या बळावर ‘नेटवर्क ठीक आहे’ किंवा ‘नेटवर्क बंद आहे’ असे कळवू नये.

फायरवॉल थोडा वेळ बंद करून पाहिला तर?

तसे करू नये. आपला सर्व्हर सार्वजनिक पत्त्यावर असेल, तर इंटरनेटवर सतत फिरणाऱ्या स्वयंचलित शोधयंत्रांना उघडे पोर्ट सापडायला फार वेळ लागत नाही, आणि ‘थोडा वेळ’ बंद केलेली गोष्ट पुन्हा सुरू करायची राहून जाते. शिवाय त्या प्रयोगातून माहितीही फार थोडी मिळते. जोडणी झाली तर दोष नियमांत आहे एवढेच कळते. कोणत्या नियमात, हे कळतच नाही. त्याऐवजी आहेत ते नियम वाचावेत. एनएफटी या फायरवॉल साधनाच्या नियमसंचात किंवा आयपीटेबल्सच्या यादीत नियमाला काउंटर जोडलेला असेल, तर तो नियम किती पॅकेटांना लागू झाला ते दिसते. आयपीटेबल्समध्ये काउंटर आपोआप असतो, एनएफटीमध्ये तो नियमासोबत लिहावा लागतो. जोडणीचा प्रयत्न करताना ज्या मनाईच्या ओळीचा आकडा वाढतो, ती ओळ आपल्याला सापडली.

फायरवॉलडी वापरणाऱ्यांकडून दोन चुका वारंवार होतात. पहिली चूक झोनची, म्हणजे नेटवर्क कार्डांना लागू होणाऱ्या नियमांच्या गटांची. नियम ‘पब्लिक’ झोनमध्ये घातला जातो, पण नेटवर्क कार्ड दुसऱ्याच झोनमध्ये असते. म्हणून नियम घालण्यापूर्वी कोणते झोन सक्रिय आहेत आणि कोणते कार्ड कोठे आहे, ते पाहावे. दुसरी चूक तात्पुरत्या आणि कायमच्या नियमांची. ‘पर्मनंट’ हा पर्याय न देता घातलेला नियम त्याच क्षणी लागू होतो, पण सर्व्हर पुन्हा सुरू झाला की नाहीसा होतो. ‘पर्मनंट’ देऊन घातलेला नियम रीलोड करेपर्यंत लागूच होत नाही. वीज गेल्यावर किंवा महिन्याच्या देखभालीनंतर ‘कालपर्यंत तर चालत होते’ अशी जी तक्रार येते, तिचे मूळ बहुतेकदा पहिल्या प्रकारात सापडते.

त्याचबरोबर एकाच यंत्रावर दोन व्यवस्थापक नसावेत. फायरवॉलडी, यूएफडब्ल्यू आणि हाताने लिहिलेले आयपीटेबल्सचे नियम ही सगळी अखेर कर्नलमधील एकाच नेटफिल्टर यंत्रणेला सूचना देतात. एकात परवानगी आणि दुसऱ्यात मनाई असेल, तर पुष्कळदा मनाईच उरते.

दूरवरून नियम बदलताना आपणच बाहेर अडकू नये म्हणून काय करावे?

याचे उत्तर आम्ही स्वतः किंमत मोजून शिकलो आहोत. काही वर्षांपूर्वी घरून एका सर्व्हरवर यूएफडब्ल्यू सुरू केला आणि त्याआधी दूरवरून प्रवेश देणाऱ्या एसएसएच या सेवेच्या २२ क्रमांकाच्या पोर्टला परवानगी द्यायची राहिली. चालू असलेली खिडकी काही काळ जिवंत राहिली, त्यामुळे सर्व ठीक आहे असे वाटले आणि ती बंद केली. त्यानंतर कोणत्याही मार्गाने आत जाता येईना. पावसाळ्याच्या दिवसांत रात्री एक वाजता वर्धा रस्त्याने बुटीबोरी गाठून, सर्व्हरला प्रत्यक्ष कीबोर्ड आणि पडदा जोडून एक ओळ लिहावी लागली, आणि तोपर्यंत त्या कारखान्याची रात्रपाळी नोंदींविना थांबून होती.

तेव्हापासून आम्ही तीन गोष्टी पाळतो. मनाई लागू करण्यापूर्वी एसएसएचची परवानगी घालून ती यादीत दिसते की नाही हे पाहतो. बदल झाल्यावर जुनी खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी करून पाहतो, कारण आधीपासून बांधलेली जोडणी नियम बदलल्यावरही चालू राहू शकते आणि तिच्यावर विसंबून निष्कर्ष काढता येत नाही. आणि बदलापूर्वी ‘अ‍ॅट’ या आज्ञेने दहा मिनिटांनंतर जुने नियम आपोआप परत येतील अशी तजवीज करतो. सारे नीट झाले तर ती रद्द करतो. पत्ते आणि राउटिंग बदलताना उबुंटूवरील ‘नेटप्लॅन ट्राय’ हीच सोय देते, आपण १२० सेकंदांत संमती दिली नाही तर ती बदल मागे घेते.

यूएफडब्ल्यूमध्ये पोर्ट बंद आहे, तरी डॉकरमधील डेटाबेस बाहेरून उघडा दिसतो. हे कसे?

यूएफडब्ल्यूचे नेहमीचे नियम सर्व्हरवर उतरणाऱ्या पॅकेटांसाठी असतात. प्रोग्राम वेगळ्या बंदिस्त कप्प्यांत (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या डॉकरने प्रसिद्ध केलेल्या, म्हणजे बाहेरून उघडलेल्या, पोर्टवर आलेल्या पॅकेटाचा पत्ता आधीच बदलला जातो आणि ते पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या साखळीतून कंटेनरकडे जाते, त्यामुळे ते आपल्या नियमांना भेटतच नाही. उपाय दोन आहेत. पोर्ट प्रसिद्ध करताना पुढे १२७.०.०.१ किंवा कार्यालयीन पत्ता लिहावा, आणि मनाई करायचीच असेल तर ती ‘डॉकर-यूजर’ या साखळीत लिहावी, जी डॉकरने याच कामासाठी ठेवली आहे. डॉकरचे मूळ अंतर्गत नेटवर्क १७२.१७.०.० पासून सुरू होते. आपल्या एखाद्या शाखेचेही नेटवर्क तेच असेल, तर त्या शाखेला दिलेली उत्तरे सर्व्हरच्या आतच हरवतात आणि फक्त तेवढीच शाखा अडते.

इतर सर्वांचे चालते, फक्त आमच्याच कार्यालयातून सकाळपासून बंद आहे. काय झाले असेल?

याची तीन कारणे आम्हाला पुन्हा पुन्हा आढळतात, आणि तिन्हींचा संबंध आपल्या सार्वजनिक पत्त्याशी आहे.

पहिले कारण म्हणजे पत्ता बदलणे. सर्व्हरवर आपल्या कार्यालयाच्या पत्त्याला परवानगी दिलेली असते, पण साध्या ब्रॉडबँडचा पत्ता कायम नसतो. राउटर बंद करून सुरू केला की नवा पत्ता मिळतो आणि जुनी परवानगी निरर्थक होते. राउटरच्या बाहेरील बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेत असेल, तर सेवादात्याने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे असे समजावे. ही मालिका २०१२ साली त्याच उपयोगासाठी राखून ठेवली गेली. अशा वेळी आपल्या पत्त्याला दिलेली परवानगी शेजारच्या अनोळखी ग्राहकालाही मिळते. म्हणून शाखांनी स्थिर पत्ता घ्यावा किंवा व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारा खासगी बंद मार्ग) वापरावे, असा आमचा आग्रह आहे.

दुसरे कारण फेल-टू-बॅन. मूळ मांडणीप्रमाणे १० मिनिटांत ५ चुकीचे प्रयत्न झाले की तो पत्ता १० मिनिटांसाठी अडवला जातो. कार्यालयातील वीस संगणक एकाच सार्वजनिक पत्त्याने बाहेर पडत असतील, तर एका संगणकात साठवलेला जुना पासवर्ड सर्वांना अडवतो, आणि बंदी उठताच तोच संगणक पुन्हा प्रयत्न करून ती ओढवून घेतो. म्हणून दर काही मिनिटांनी चालू-बंद होणारी तक्रार ऐकली की आम्ही आधी बंदीची यादी पाहतो. ‘अनबॅन आयपी’ने बंदी उठवणे सोपे आहे, परंतु जुना पासवर्ड असलेला संगणक शोधेपर्यंत काम पूर्ण झाले असे मानू नये.

तिसरे कारण मायएसक्यूएल आणि मारियाडीबीचे स्वतःचे आहे. चुकीच्या पासवर्डच्या १०४५ या ओळखीच्या क्रमांकाऐवजी ११२९ क्रमांकाचा संदेश येतो की ‘जोडणीतील अनेक दोषांमुळे हा होस्ट अडवला आहे’. एखाद्या पत्त्यावरून जोडण्या अर्धवट सुटत राहिल्या आणि मध्ये एकही यशस्वी झाली नाही, तर ठरलेली संख्या ओलांडल्यावर डेटाबेस त्या पत्त्याला थारा देत नाही. ही संख्या मूळ मांडणीत १०० आहे. चुकीचा पासवर्ड या मोजणीत धरला जात नाही. बहुतेक वेळा अपराधी असतो तो पोर्ट जिवंत आहे का हे पाहण्यासाठी दर मिनिटाला नुसते दार ठोठावून परत जाणारा देखरेखीचा प्रोग्राम. डेटाबेसच्या प्रशासकाने होस्टची साठवलेली यादी रिकामी केली की बंदी उठते, पण देखरेखीच्या प्रोग्रामला खऱ्या खात्याने प्रवेश करायला लावणे हाच टिकाऊ उपाय आहे. मर्यादा लाखांवर नेऊन ठेवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला दिसतो. आम्हाला तो पटत नाही.

एसई-लिनक्समुळे जोडणी अडू शकते का?

होय. एसई-लिनक्स ही कोणत्या प्रोग्रामला काय करता येईल ते ठरवणारी लिनक्समधील सुरक्षा यंत्रणा आहे, आणि ती अडवते तेव्हा फायरवॉलचे सर्व नियम बरोबर असतात. डेटाबेस नेहमीच्या पोर्टऐवजी दुसऱ्या पोर्टवर सुरू करायचा प्रयत्न केला तर त्याला ते पोर्ट धरताच येत नाही. वेब सर्व्हरवरील प्रोग्रामला डेटाबेसकडे जाण्याची मुभा मुळात नसते आणि तेथे ‘परवानगी नाही’ असा १३ क्रमांकाचा दोष दिसतो. ऑडिट लॉगमध्ये एव्हीसी (एसई-लिनक्सच्या मनाईची नोंद) असलेल्या ओळी शोधाव्यात. पोर्टला योग्य खूण ‘सेमॅनेज’ने द्यावी आणि वेब सर्व्हरसाठी असलेला डेटाबेस जोडणीचा बुलियन (चालू-बंद करायचा पर्याय) चालू करावा. निदानापुरते एसई-लिनक्स परवानगीच्या स्थितीत नेणे मान्य आहे, कारण त्या स्थितीत तो मनाई न करता नोंद करत राहतो. पण त्याच बैठकीत तो परत पूर्वस्थितीत आणावा.

जोडणी होते, छोट्या विचारणा चालतात, पण मोठा अहवाल मागितला की सारे थिजते. कारण काय?

हे लक्षण पॅकेटच्या आकाराचे आहे. इथरनेटवर पॅकेटची कमाल मर्यादा १५०० बाइट असते. पीपीपीओई ही जोडणीची पद्धत वापरणाऱ्या ब्रॉडबँडवर ती १४९२ होते आणि व्हीपीएनमध्ये आणखी कमी. मोठे पॅकेट मावले नाही की वाटेतील राउटर ‘लहान करून पाठवा’ असा आयसीएमपी निरोप पाठवतो. कोणी सुरक्षिततेच्या नावाखाली सर्व आयसीएमपी बंद केले असेल, तर तो निरोप सर्व्हरला मिळत नाही. तो तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि ते पुन्हा पुन्हा टाकले जाते.

तपासणीसाठी पिंगला तुकडे न करण्याची सूचना देऊन १४७२ बाइटचा भार पाठवावा. त्यात २८ बाइटची शीर्षके मिळवली की बरोबर १५०० होतात. तो जात नसेल आणि १४६४ जात असेल, तर मर्यादा १४९२ आहे. राउटरवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटातील डेटाची कमाल मर्यादा, बांधून देणे हा नेहमीचा उपाय होय. त्याचबरोबर आयसीएमपीतील हा निरोप मोकळा करावा. तो अडवून सुरक्षितता वाढत नाही, फक्त दोष शोधणे कठीण होते.

जेवणाच्या सुट्टीनंतर पहिलीच विचारणा नेहमी अडकते. का?

मधला राउटर, फायरवॉल किंवा क्लाउडचा लोड बॅलन्सर निष्क्रिय जोडणीची नोंद काही मिनिटांनी पुसून टाकतो; सर्व्हर आणि आपला संगणक मात्र ती जिवंत समजत राहतात. लिनक्स निष्क्रिय जोडणीची विचारपूस मूळ मांडणीत ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी सुरू करते, आणि तीही प्रोग्रामने मागितली असेल तरच. पोस्टग्रेसमध्ये हा काळ डेटाबेसच्या मांडणीतच कमी करता येतो. आम्ही तो १२० सेकंद ठेवतो.

गर्दीच्या वेळीच जोडण्या नाकारल्या जातात. कोठे पाहावे?

संत्र्याच्या हंगामात काटोलकडील नोंदी संध्याकाळी एकदम येतात, तेव्हा आम्हाला हा प्रश्न दरवर्षी पडतो. प्रथम डेटाबेसचीच मर्यादा पाहावी. पोस्टग्रेसमध्ये ती मुळात १०० आणि मायएसक्यूएलमध्ये १५१ जोडण्यांची असते, आणि ती भरली की स्पष्ट संदेश येतो. संदेश न येता वेळ संपत असेल, तर कर्नलच्या नोंदींत ‘कॉनट्रॅकचा तक्ता भरला, पॅकेट टाकत आहे’ अशा अर्थाची ओळ शोधावी. नेटफिल्टर प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो, आणि बांधलेली पण शांत जोडणी त्या तक्त्यात मूळ मांडणीप्रमाणे ४,३२,००० सेकंद, म्हणजे ५ दिवस राहू शकते. प्रोग्राम जोडण्या नीट बंद करत नसेल तर तक्ता हळूहळू भरत जातो आणि एके दिवशी नव्या माणसाला जागाच उरत नाही. तक्ता मोठा करणे हा त्या दिवसापुरता उपाय. जोडण्यांचा पूल, म्हणजे त्याच जोडण्या पुन्हा वापरणारा साठा, वापरणे हा खरा उपाय.

तिसरी जागा म्हणजे नव्या जोडण्या स्वीकारण्याची रांग. तिची कमाल लांबी कर्नल ५.४ पूर्वी १२८ होती, त्यानंतर ४०९६ झाली. एसएसच्या यादीत ऐकणाऱ्या पोर्टसमोर ‘रिसीव्ह क्यू’चा आकडा ‘सेंड क्यू’च्या आकड्याला भिडलेला दिसला, तर रांग भरली आहे.

सर्व्हरला दोन इंटरनेट जोडण्या दिल्यापासून एकच शाखा अडते. का?

पॅकेट एका कार्डाने आत येते आणि उत्तराचा मार्ग दुसऱ्या कार्डाने असतो. आरपी-फिल्टर ही परतीचा मार्ग तपासणारी कर्नलची मांडणी १ वर असेल तर कर्नल असे पॅकेट खोट्या पत्त्याचे समजून टाकून देतो, आणि फायरवॉलच्या काउंटरमध्ये त्याचा माग दिसत नाही. ‘मार्शियन’, म्हणजे अशक्य वाटणाऱ्या पत्त्याच्या, पॅकेटांची नोंद सुरू करून खात्री करावी, आणि शक्यतो स्रोतानुसार राउटिंग लिहावे. नाहीतर आरपी-फिल्टरचे मूल्य २ करावे.

सर्व्हर मुंबईच्या क्लाउडमध्ये असेल तर तपासणी कशी बदलते?

सर्व्हरवरील फायरवॉलच्या बाहेर आणखी एक किंवा दोन दरवाजे असतात आणि ते लिनक्सच्या आतून दिसत नाहीत. अ‍ॅमेझॉनच्या व्यवस्थेत सिक्युरिटी ग्रुपला जोडणीची आठवण असते, म्हणून आत येणाऱ्याला परवानगी दिली की उत्तर आपोआप बाहेर जाते. नेटवर्क एसीएल या दुसऱ्या दरवाजाला ही आठवण नसते. तेथे उत्तरासाठी वरच्या क्रमांकांची पोर्ट वेगळी उघडावी लागतात. लिनक्समध्ये ही पोर्ट साधारणपणे ३२७६८ ते ६०९९९ असतात.

पॅकेट नक्की कोठे अडते हे प्रत्यक्ष पाहता येते का?

येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणाऱ्या टीसीपीडम्प या प्रोग्रामने येते, आणि प्रत्येक शाखेच्या सहकाऱ्याने ते शिकून घ्यावे अशी आमची मनापासून इच्छा आहे. सर्व्हरवर त्या पोर्टपुरता टीसीपीडम्प चालू ठेवून शाखेतून एकदा जोडणीचा प्रयत्न करावा. आत येणारी पॅकेटे त्याला फायरवॉलच्या आधी दिसतात, हा त्याचा मोठा गुण. सिन दिसलेच नाही तर अडथळा सर्व्हरच्या बाहेर आहे आणि सर्व्हरवर काहीही बदलण्याचे कारण उरत नाही. सिन दिसते, पण उत्तर जात नाही, तर सर्व्हरचा फायरवॉल, आरपी-फिल्टर किंवा भरलेली रांग. सिन येताच रीसेट परत जातो, तर ऐकणारा प्रोग्राम नाही. सिन-अ‍ॅक जातो आणि तरीही तेच सिन पुन्हा पुन्हा येते, तर आपले उत्तर परतीच्या वाटेत हरवत आहे.

उन्हाळ्यात जोडणी अधूनमधून तुटते, नियम तर बदललेले नाहीत.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो आणि बंद कपाटात ठेवलेला स्वस्त स्विच त्यात टिकत नाही. कर्नलच्या नोंदींत ‘लिंक डाउन’ आणि ‘लिंक अप’ अशा जोड्या दुपारी वाढत असतील, तर फायरवॉलला हात लावू नये; कपाटाचे दार उघडावे, पंखा लावावा आणि स्विच बदलून पाहावा.

इंटरनेट सेवादात्याकडे तक्रार केव्हा करावी?

दोन्ही टोकांना एकाच वेळी घेतलेला टीसीपीडम्प हाती असेल, आणि शाखेतून सिन निघाल्याचे व सर्व्हरवर ते न पोहोचल्याचे त्यात दिसत असेल, तेव्हा करावी. त्याआधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून तीच जोडणी करून पाहावी. ती लागली तर आपले म्हणणे अधिक पक्के होते, परंतु सर्व्हर फक्त ठराविक पत्त्यांनाच आत घेत असेल तर हॉटस्पॉटचा पत्ता तेवढ्यापुरता यादीत घालावा लागेल आणि नंतर काढावा लागेल. फाइल शेअरिंगचे ४४५ हे पोर्ट अनेक सेवादाते मुद्दामच अडवतात, आणि ते उघडण्यासाठी त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही; ते काम व्हीपीएनमधून करावे. तक्रारीत दोन्ही पत्ते, पोर्ट, तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ लिहावी. दोन्ही संगणकांची घड्याळे क्रोनी या प्रोग्रामने जुळवलेली आहेत ना, हे डम्प घेण्यापूर्वीच पाहून ठेवावे, नाहीतर दोन नोंदी एकमेकींशी लावता येत नाहीत.